पत्ता अपुरा, माणूस ओळखीचा

पोस्ट हे सरकारच्या हिशेबी एकच खातं असलं, तरी गिऱ्हाइकाच्या वाट्याला त्याची दोन खाती येतात. एक काउंटरमागे बसतं आणि दुसरं खांद्याला पिशवी अडकवून गल्लोगल्ली हिंडतं. बसणाऱ्या खात्यासमोर तुम्ही वर्षानुवर्षं उभे राहिलात तरी ते विचारतं, "आधार आणलंय का?" हिंडणाऱ्या खात्याला तुमचं नाव, बायकोचं माहेरचं आडनाव, भाच्याच्या लग्नाची तारीख आणि पतपेढीची नोटीस घरातल्या कुणाच्या नावावर आली, हे सगळं पाठ असतं आणि तरीही ते तुमच्याशी अदबीने बोलतं. माझी सगळी तक्रार पहिल्या खात्याबद्दल आहे आणि सगळा जीव दुसऱ्यावर. सरकारने सुधारायला नेमकं दुसरं धरलंय.

काउंटरपासून सुरुवात करू, कारण वेळ तिथे जास्त जातो.

कुठल्याही पोस्टात शिरा, भिंतीशी एक टेबल असतं. त्यावर सुतळीने बांधलेलं पेन असतं. सुतळी अशा बेताने कापलेली असते की पेन फॉर्मच्या अर्ध्यापर्यंतच पोचतं, त्यामुळे माणसं पेन स्थिर धरून फॉर्म त्याच्याखाली सरकवत सरकवत भरतात. शेजारी डिंकाची बाटली. हा डिंक पाकीट सोडून सगळ्याला चिकटतो. टेबलाला चिकटतो, बोटांना चिकटतो, चष्म्याच्या काडीला चिकटतो, आधीच्या कुणीतरी टाकून दिलेल्या पैसे काढायच्या फॉर्मला तर जन्मोजन्मीचा चिकटतो. घरी येऊन दोनदा हात धुतले तरी संध्याकाळी वर्तमानपत्राचं पान अंगठ्याबरोबर वर येतं. पाकीट तेवढं पेटीत टाकायच्या आधी उघडलेलं असतं.

साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागतं.

"पाचचं तिकीट द्या."

"पाचची संपली. एकची आहेत."

"मग एकची पाच द्या."

तिकिटं हातात आल्यावर लक्षात येतं की पाकिटाच्या पुढच्या बाजूला एक तर तिकिटं मावतील, नाही तर पत्ता. मी अदबीने विचारलं, "मागच्या बाजूला लावली तर चालतील?"

"चालतील. पण शिक्का पुढे मारतात."

हा होकार होता की नकार, ते मला अजून कळलेलं नाही.

पोस्टकार्डाची कथा आणखी बिकट. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. आज ते ५० पैशांना आहे. इतकी वर्षं लोटली, सोनं कुठल्या कुठे गेलं, तरी पोस्टकार्ड अजून रुपयात गेलेलं नाही आणि त्यातच त्याचं नुकसान झालं. ५० पैशांचं नाणं कायद्याने अजून चलनात आहे, मात्र भाजीवाली ते परत करते आणि देवळाच्या तबकात टाकलं तर पुजारी आधी नाण्याकडे आणि मग आपल्याकडे बघतो. म्हणजे एकच पोस्टकार्ड विकत घेणं व्यवहारात अशक्य झालंय. एक मागणारा माणूस काउंटरवर संशयित ठरतो. मध्यंतरी 'मेघदूत' नावाचं २५ पैशांचं कार्डही निघालं होतं. पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेली, म्हणून स्वस्त. कालिदासाच्या यक्षाला ही सवलत मिळाली असती तर अलकानगरीचा पत्ता त्याला जाहिरातीच्या शेजारी अंग चोरून लिहावा लागला असता.

रांगेत आपल्यापुढे एकच माणूस दिसला तर हुरळून जाऊ नये. त्या बहुधा अल्पबचतीच्या एजंटबाई असतात. त्यांच्या कापडी पिशवीत अख्ख्या कॉलनीची आर.डी. असते. एकेका रबरबँडमध्ये एकेक इमारत. बाई स्वभावाने फार चांगल्या. आपण ताटकळतोय हे पाहून त्यांनाच वाईट वाटतं आणि त्या मागे वळून म्हणतात, "तुम्ही पण उघडून टाका ना एखादी. फॉर्म आहे माझ्याकडे."

पाचव्या-सहाव्या पासबुकाला नेट जातं. नेट गेलं की एक विलक्षण गोष्ट घडते, काउंटरमागचं खातं माणसात येतं. मघापर्यंत मान वर न करणाऱ्या बाई चष्मा कपाळावर सरकवतात, डबा लांब सारून पाण्याची बाटली काढतात आणि समोरच्या पेन्शनरांना विचारतात, "काय हो काका, गुडघा काय म्हणतोय?" काका गुडघा सांगतात. दुसरे काका कात्रजचा कुणी वैद्य सुचवतात. बाईंच्या सासूबाईंनाही तोच त्रास असल्याचं कळतं. पंधरा-वीस मिनिटं पोस्टात असा काही घरोबा नांदतो की एखाद्याला वाटावं, हे नेट आलंच नाही तर बरं. मग पडदा लुकलुकतो, बाईंचा चष्मा खाली येतो आणि गुडघेवाल्या काकांना प्रश्न येतो, "आधार आणलंय का?"

त्यांचंही काय चुकतं म्हणा. एकाच खुर्चीवर स्पीड पोस्ट, बचत खातं, टपाल विमा, कुठे आधारची दुरुस्ती, आणि २०१६ पासून गंगाजलसुद्धा. समोरचा माणूस पत्र टाकायला आलाय, पैसे काढायला आलाय की गंगाजल न्यायला, हे ओळखून तशी मुद्रा धारण करायची तर नटसम्राटच हवा. लहान पोस्टांत तो एकाच पगारात ठेवलेला असतो.

तरी सहीचं प्रकरण मी विसरणार नाही. बचतपत्राची मुदत पुरी झाली, पैसे काढायला गेलो. बाईंनी जुनी सही आणि नवी सही शेजारी शेजारी धरली.

"सही जुळत नाही."

"मीच आहे हो तो."

"तुम्ही असाल. सही नाहीये."

पॅन दाखवलं, आधार दाखवलं. आधारवरचा फोटो तर माझ्याशीच जुळत नव्हता, त्यामुळे तो मी घाईने खिशात घातला. बाई म्हणाल्या, ओळखीचा साक्षीदार आणा. एवढ्यात मागच्या दाराने आमच्या भागाचे पोस्टमन बीट संपवून आत आले, टेबलावर पिशवी टाकली आणि आमच्याकडे न बघताच म्हणाले, "मॅडम, ओळखतो मी यांना. पाचव्या मजल्यावरचे. मासिकं फार मागवतात." माझी अशी ओळख त्याआधी कुणी करून दिली नव्हती. पैसे मिळाले.

ही हिंडणाऱ्या खात्याची ताकद. पत्ता हा पोस्टमनच्या लेखी पुरावा नसतोच, ती नुसती सूचना असते. माझी आत्या अजून पाकिटावर 'जुन्या पिठाच्या गिरणीसमोर' असं लिहिते. गिरण केव्हाच गेली. तिथे व्हिडिओ लायब्ररी आली, मग एस.टी.डी. बूथ आला, मग मोबाइलचं दुकान, आणि हल्ली पनीर मोमो मिळतात. पोस्टमनच्या नकाशात मात्र ती गिरण अजून दळतेय. कुरिअरच्या मुलाचं तसं नाही. त्याच्याकडे उपग्रह आहे. तो फोन करतो, "सर, लोकेशन टाका ना." आपण टाकतो. पाच मिनिटांनी पुन्हा फोन, "सर, लोकेशनवर उभाय. इथे नाला आहे."

आमच्या आसपास कुलकर्णी बरेच. 'श्री. कुलकर्णी, मारुतीच्या देवळामागे' एवढाच पत्ता घेऊन पाकीट आलं की आमचे पोस्टमन त्याची जाडी, रंग आणि पाठवणारा बघतात. होमिओपॅथीचं मासिक असलं की तळमजला. शेअरवाल्या कंपनीचं असलं की तिसरा मजला. कोर्टाचं असलं तर ते दोन्ही कुलकर्ण्यांना दाखवतात आणि ज्याचा चेहरा उतरेल त्याच्या हातात देतात. आजवर चूक झालेली नाही.

नियमात बसत नाही ती सगळी सोय हीच. आपण घरी नसलो की पाकीट समोरच्या वहिनींकडे जातं, वहिनी नसल्या तर खालच्या इस्त्रीवाल्याकडे. दिवाळीच्या सुमारास याची थोडी किंमत मोजावी लागते. मराठीत १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून दिवाळी अंक घरी पोचणं आणि पोचायच्या आधी दुसऱ्याने वाचणं या दोन प्रथा हातात हात घालून चालत आल्या असाव्यात. इस्त्रीवाला कपडे देता देता सांगतो, "साहेब, तुमच्या राशीला मार्चपर्यंत जरा जपून." कुठल्या अंकात, असं विचारण्यात अर्थ नसतो. तो अंक कपड्यांच्या गठ्ठ्याखालून निघतो आणि कडक इस्त्रीचा असतो.

पत्त्याच्या या गोंधळाला शिस्त लावायचा पहिला मोठा प्रयत्न एका मराठी माणसाने केला. दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड लागू झाला, तो त्यांच्या योजनेतून. वृत्तात अक्षरं बसवणाऱ्या माणसाने सगळा देश सहा आकड्यांत बसवला. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हे ४ मध्ये येतात, सैन्याला वेगळा ९. शेवटचे तीन आकडे थेट तुमच्या पोस्टाचे. गरज होतीच. एकट्या महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव आणि नांदगाव इतकी आहेत की नुसत्या गावाच्या नावावर पत्र टाकणं म्हणजे एस.टी. स्टँडवर उभं राहून "अहो पाटील" अशी हाक मारणं. किती वळतील ते सांगता येत नाही.

मोठ्या शहरांना त्याआधीपासून आपापले नंबर होते आणि ते अंगात असे भिनले की सहा आकडे येऊनही गेले नाहीत. आजही 'पुणे ३०' असं म्हणणाऱ्याच्या आवाजात सदाशिव पेठेचा सगळा आब असतो. 'मुंबई २८' म्हटलं की समोरच्याने दादर समजायचं. ४११०३० आणि ४०००२८ यांच्या शेवटी ते जुने नंबर अजून ऐटीत बसलेत. आम्हा नव्या उपनगरवाल्यांना ही चैन नाही. आमचा पिनकोड सांगितला की लोक विचारतात, "म्हणजे स्टेशनपासून रिक्षाचे किती होतात?"

आता त्याहून पुढची मजल गेलीय. २०२५ च्या मे महिन्यात टपाल खात्याने आय.आय.टी. हैदराबाद आणि इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राच्या साथीने 'डिजिपिन' आणला. सगळ्या देशाचे सुमारे चार मीटर लांब, चार मीटर रुंद असे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण दिली. मी उत्साहाने घराचा डिजिपिन काढला, तर आमच्या घराला तीन निघाले. एक हॉलचा, एक स्वयंपाकघराचा, आणि एक बाल्कनीतल्या तुळशीचा, त्यात शेजाऱ्यांचं न्हाणीघरही येतं. हे आडवं झालं. उभ्याची गंमत वेगळीच. पार्किंगमधली वॉचमनची खुर्ची, मधले सगळे मजले आणि गच्चीवरची पाण्याची टाकी, सगळ्यांना एकच डिजिपिन. उपग्रहाला वरून मजले दिसत नाहीत. ते पोस्टमनला खालून दिसतात आणि लिफ्ट बंद असली की जास्तच स्पष्ट दिसतात.

लिफ्टवरून 'दार बंद' आठवलं. एके दिवशी मी सकाळपासून घरात, मुख्य दार उघडं, सेफ्टी डोअरच्या जाळीतून सोफ्यावरचा माझा पाय जिन्यातून दिसावा अशी परिस्थिती, आणि मोबाइलवर निरोप आला की तुमची वस्तू देण्याचा प्रयत्न केला, दार बंद. आमचे नेहमीचे पोस्टमन गावच्या जत्रेला गेले होते, बदलीवर एक तरुण मुलगा होता. दुसऱ्या दिवशी त्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, लिफ्टचं दार बंद होतं." शेऱ्यात दार कुठलं ते लिहायची सोय नसते, त्यामुळे त्याचं म्हणणं खोडता येईना.

जिन्याखालच्या लेटरबॉक्सात तरी टाकावं, तर तो विषय बोलण्यासारखा नाही. प्रत्येक सोसायटीत पत्र्याच्या या पेट्यांची एक ओळ असते आणि तिच्या किल्ल्या कुठल्याच घरात नसतात. ज्यांची नावं त्यांवर रंगवलीत त्यातले निम्मे फ्लॅट विकून गेले. आत क्लासच्या जाहिराती, पिझ्झ्याची कुपनं आणि मागच्या निवडणुकीतल्या उमेदवाराचं हसू. आमच्या पेटीत एकदा कबुतराने अंडी घातली, तेव्हा पोस्टमनने वर येऊन सांगितलं, "आता महिनाभर हातातच देतो." त्या महिन्यात टपाल जितकं वेळेवर मिळालं तितकं आधी कधी मिळालं नव्हतं. कबुतरं उडाली याचं घरात सगळ्यांना वाईट वाटलं.

आणि ट्रॅकिंग. पूर्वी पत्र टाकलं की माणूस पेटीच्या तोंडात बोटं घालून ते आत पडलं ना एवढं बघायचा, वर पेटीला एक थाप मारायचा आणि सुटायचा. आता सुटका नाही. पलीकडच्या गल्लीतल्या वकिलांना काही कागद पाठवायचे होते. चालत नेऊन दिले असते, पण त्यांना पोस्टाची पावती हवी होती. पाकीट दुपारी बुक झालं. संध्याकाळी थैलीत भरलं गेलं. रात्री थैली रवाना झाली ती थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, छाननीच्या केंद्रात. कारण पत्र शेजारच्या गल्लीत जायचं असलं तरी ते कुठे जायचं हे ठरवण्याची जागा तिथे असते. मी आणि वकील रोज सकाळी देवळापाशी भेटत होतो.

"कुठवर आलं?"

"काल थैलीत होतं."

"कुठल्या थैलीत?"

"ते लिहिलेलं नाही. पण रवाना झालीय."

अशा गप्पांत आमची ओळख चांगलीच वाढली. शेवटी कागद पोचले तेव्हा त्यांनी मला फोन करून कळवलं, आणि मी ते आधीच मोबाइलवर वाचलेलं असूनही आनंद व्यक्त केला.

याच वकिलांना सध्या मोठं दुःख आहे. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. काम तेच होतं, पोचही मिळते, पण धमकीतला दम गेला. "रजिस्टर ए.डी.ने नोटीस ठोकीन" असं म्हटलं की भाडेकरूच्या पोटात गोळा यायचा. "स्पीड पोस्टने पाठवीन" म्हटल्यावर तो म्हणतो, "पाठवा की. राखी पण त्यानेच येते."

त्याच सुमारास आलेली दुसरी सोय म्हणजे ओ.टी.पी. पाठवणाऱ्याने ५ रुपये आणि त्यावरचा कर भरला, की घेणाऱ्याच्या मोबाइलवर आकडे येतात आणि ते सांगितल्याशिवाय पाकीट हातात पडत नाही. कल्पना चांगली आहे. चुकीच्या माणसाच्या हाती काही पडू नये हा हेतूही रास्त. फक्त तिचा पहिला बळी समोरच्या वहिनी आणि दुसरा इस्त्रीवाला. आणि ज्या पोस्टमनने तुमच्या आजोबांची मनिऑर्डर दिली, तुमच्या नोकरीचं पत्र पेढ्यांच्या बोलीवर दिलं, कोर्टाचं पाकीट चेहऱ्यावरून ओळखून दिलं, त्याने आता तुमच्या दारात उभं राहून विचारायचं की तुम्ही म्हणजे तुम्हीच कशावरून.

परवा जिना उतरताना पाहिलं, तळमजल्यावरच्या आजींच्या दारात आमचे पोस्टमन उभे होते. आजींचं बँकेतून कसलंसं कार्ड आलं होतं.

"आजी, मोबाइलवर नंबर आलाय बघा. तो सांगा."

"चष्मा देवघरात राहिला रे. हा घे, तूच बघ."

"लॉक आहे याला."

"तेच, आमच्या लग्नाचं साल."

त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी साल दाबलं, नंबर वाचला, स्वतःच्या मोबाइलमध्ये भरला, आजींचं बोट धरून काचेवर सही उमटवून घेतली आणि कार्ड दिलं. मग निघता निघता खात्याला स्मरून बजावलं, "आजी, ओ.टी.पी. कधी कुणाला सांगायचा नाही हं."

"मी कुठे सांगितला?" आजी म्हणाल्या, "तूच वाचलास."